खड्यांवरून वाळूवर

मित्रांनो, कुणाच्या घरी माशांची काचेची टाकी दिसली की तुमची नजर आधी वरच्या पाण्यात जाते. तिथे रंगीत मासे मिरवत असतात. तळाकडे सहसा कोणी पाहत नाही. मी त्या तळाचा रहिवासी. बोटभर लांबीचा, मातकट रंगाचा, आता पुष्कळ म्हातारा झालेला मासा. माझ्या ओठांना मिशा आहेत. म्हणजे होत्या, मग गेल्या, आणि आता पुन्हा थोड्याशा आल्या आहेत. त्या जाण्यायेण्याच्या मधल्या काळात माझे जे काही हरवले, ते तुम्हाला सांगावे असे फार दिवस मनात आहे.

तुमच्याकडे मिशी शोभेसाठी ठेवतात. आमचे तसे नाही. तळाशी अंधुक असते आणि आमचे डोळे वरच्या बाजूला असतात. तोंडापुढे काय पडले आहे ते आम्हाला दिसतच नाही, मिशांनी चाचपून कळते. आमची बोटे त्याच, आमचे नाकही त्याच. मिशा गेल्या की समोर वाढलेल्या ताटापुढेही आम्ही उपाशी राहतो.

माझा जन्म एका माणसाच्या गच्चीवरल्या हौदात झाला. हौदाच्या तळाशी पिठासारखा मऊ गाळ होता. आम्ही पिल्ले त्यात डोळ्यांपर्यंत तोंड खुपसायचो, तोंडभर गाळ घ्यायचो, खाण्याजोगे ठेवायचो आणि बाकीचे कल्ल्यांतून सोडून द्यायचो. हे आम्हाला कोणी शिकवले नाही. पुढे एका दुकानात आलो. तिथे तळाला काहीच नव्हते, नुसती थंडगार काच. आम्ही पाचजण एका कोपऱ्यात अंगाला अंग लावून बसून असायचो. आमची जात तशीच आहे. एकेकटे आम्हाला राहवत नाही.

एका संध्याकाळी एक जोडपे दुकानात आले. नवरा इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करणारा होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. बायको एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या यंत्रावर उभी असायची. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिच्या हातांखालून जात. तिने काचेला नाक लावले आणि हसत सुटली.

"अहो, हे बघा. मिशा तर बघा यांच्या. अगदी तुमच्या वडिलांचा थाट."

"माझ्या वडिलांना यात ओढू नकोस," मिस्त्री म्हणाला. पण आमची पाण्याची पिशवी त्याने घरापर्यंत दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून आणली.

टाकीत घालायला तिने निळे खडे निवडले होते. दुकानदारानेच ते पुढे केले होते. "दिवसभर पांढऱ्या चादरी बघून डोळे विटतात माझे," ती म्हणाली. "घरी आल्यावर काहीतरी निळं दिसू दे." स्वयंपाकघरातल्या मोरीत बसून तिने ते खडे चाळणीत घालून धुतले, पाणी नितळ होईपर्यंत. मग हातानेच टाकीत पसरले. फार सुंदर दिसत होते ते. त्यांच्यावर आमचा मातकट रंगही उठून दिसायचा.

पहिल्याच दिवशी मी सवयीने तोंड खाली खुपसले आणि ते खटकन आपटले. खडे मोठे होते, त्यांच्या कडा धारदार होत्या. तोंडात मावत नव्हते, बाजूलाही सरत नव्हते. खाण्याचा कण दोन खड्यांच्या फटीत जायचा आणि आम्ही वरून मिशा घासत राहायचो. पण मित्रांनो, मी त्या बाईला दोष देत नाही. तिला आम्ही मनापासून आवडत होतो. कामावरून आली की ती सुजलेले पाय पालथ्या बादलीवर ठेवून आमच्यासमोर बसायची आणि दिवसभराचे सगळे आम्हाला सांगायची. मुकादम काय बोलला, कोणत्या यंत्राने कुणाचा हात भाजला, कुणाची मुलगी पहिली आली. मला ती थोरला म्हणायची. सगळ्यांत लहान मासोळीला बुटकी. सतत बरोबर फिरणाऱ्या दोघांना जोडी. आणि खडा जरी सरकला तरी दगडामागे पळणाऱ्याला भित्रा.

ती दर आठवड्याला नळीने खड्यांच्या फटींतली घाण ओढून काढायची. त्यामुळे मिशांची टोके खरचटली तरी स्वच्छ पाण्यात जखमा भरून यायच्या. कितीतरी वर्षे अशी गेली. त्यांचा मुलगा आमच्यासमोर मोठा झाला, लांब पल्ल्याचा ट्रक चालवू लागला. घरी येणारा प्रत्येक पाहुणा टाकीपाशी थांबायचा. "किती छान ठेवलीय हो," असे म्हणायचा, आणि ती म्हणायची, "मी कुठे ठेवते, तेच आम्हाला ठेवतात."

मग ती आजारी पडली. आधी तिचे नळी धरणे बंद झाले, मग समोर बसणे बंद झाले. एका सकाळी घरात खूप चपला जमल्या. कोणीतरी आपली पिशवी टाकीला टेकवून ठेवली, म्हणून मला फारसे काही दिसले नाही. पिशवी उचलली तेव्हा घर रिकामे झाले होते आणि मिस्त्री भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. आमचा दिवा लावायची आठवण पुढे बरेच दिवस कोणाला झाली नाही.

आमचे खाणे आता मिस्त्री घालू लागला. दोन चिमटी घालायचा. "ही तिची," म्हणायचा, "आणि ही माझी." ती एकच चिमूट घालायची हे त्याला ठाऊक नव्हते. उरलेले अन्न खड्यांच्या फटींत जायचे आणि तिथे कुजत राहायचे. पाणी कमी झाले की तो वरून भर घालायचा, पण खड्यांना हात लावायचा नाही. मुलाने एकदा नळी हातात घेतली तेव्हा तो म्हणाला, "राहू दे. तिने लावलंय तसं राहू दे."

मुलगा बापापुढे बोलणारा नव्हता. त्याने नळी ठेवून दिली.

निळे खडे हळूहळू तपकिरी झाले. त्यांच्याखाली काळी, चिकट घाण साचली. आमच्या मिशा रोज घासल्या जात होत्या आणि आता जखमा भरत नव्हत्या. आधी टोके पांढरी पडली. मग मिशा आखूड होत गेल्या. शेवटी ओठांवर नुसते खुंट उरले. बुटकीचे तेवढेही उरले नाहीत. अन्न तिच्यापासून दोन बोटांवर पडलेले असायचे आणि ती त्याच्या शेजारून निघून जायची. मी तिला अंगाने ढकलत ढकलत अन्नापाशी नेऊ लागलो. कधी जमायचे, बहुतेक वेळा जमायचे नाही.

अशात मुलाचे लग्न झाले आणि घरात सून आली. ती दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. मुलगा ट्रक घेऊन आठवडेच्या आठवडे बाहेर असायचा, त्यामुळे घरात सासरा आणि सून एवढेच. दोघेही कमी बोलणारे. जेवताना भांड्यांचाच काय तो आवाज.

बुटकी गेली त्या दिवशी जाळीने तिला बाहेर काढायला मिस्त्रीचा हात धजेना. सुनेनेच काढली. तळहातावर घेऊन ती खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"बाबा, हिचं तोंड बघा."

"मेलीय ती. आता काय बघायचं?"

"हिला मिशा नाहीत. एकही नाही. आणि ओठ सगळे सोललेत." ती टाकीपाशी आली आणि वाकली. "बाकीच्यांचंही तेच झालंय. मी दिवसभर लोकांची तोंडंच बघते बाबा, मला कळतं. यांना खडे टोचतायत. खाली वाळू हवी."

"खडे तिने आणलेत."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे ना? मग परत बोलू नकोस." मिस्त्रीचा आवाज चढला नाही, पण कोरडा झाला. "या घरात येऊन तुला किती दिवस झाले? तू तर तिला पाहिलंसुद्धा नाहीस."

सुनेने बुटकीला कागदात गुंडाळले आणि ती आत गेली. त्यानंतर बराच वेळ आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. भांडी एवढी नव्हती.

मिस्त्री तिथेच उभा होता. थोड्या वेळाने त्याने आपल्या हत्यारांच्या पेटीतून विजेरी काढली. लिफ्टच्या खोल खड्ड्यात उतरताना तो ती वापरायचा. गुडघे टेकून तो आमच्यासमोर बसला आणि उजेड तळाशी टाकला. इतक्या वर्षांत त्याने मला इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. उजेड माझ्या तोंडावर आला. मी हललो नाही. त्याने पाहिले. जोडीलाही पाहिले. दगडामागे लपलेल्या भित्र्याला शोधून त्यालाही पाहिले. मग विजेरी बंद करून तो काळोखात तसाच बसून राहिला.

त्याने घरी वाळूची गोणी आणली ती कोणालाही न सांगता. बारीक, गोल कणांची, फिक्या रंगाची वाळू. मोरीत बसून तो ती बादलीत घालून धुऊ लागला. पाणी गढूळ व्हायचे, ओतायचा, पुन्हा भरायचा. सून दवाखान्यातून आली आणि दारातच थबकली. तो वर न बघता म्हणाला, "किती वेळा धुवायची ही?"

"पाणी नितळ होईपर्यंत." ती त्याच्याशेजारी उकिडवी बसली. "बाबा, मी दुकानात विचारून आले होते मागेच. तो म्हणाला, सगळे खडे एकदम काढायचे नाहीत. थोडे आज, बाकीचे काही दिवसांनी. आणि पाणी खेळवायच्या यंत्रात जो स्पंज आहे ना, तो नळाखाली धुवायचा नाही. खड्यांवर आणि स्पंजात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात. माशांची घाण तेच पचवतात. ते गेले तर पाणी विषारी होतं."

"हं," मिस्त्री म्हणाला.

त्याने ऐकले होते, मित्रांनो. पण आयुष्यभर त्याने एक नियम पाळला होता, लिफ्ट अर्धी उघडून घरी जायचे नाही. काम हातात घेतले की पुरे करूनच उठायचे. आणि दुसरेही एक होते. त्याला सुनेची माफी मागायची होती आणि त्याला माफी मागायची सवय नव्हती. ती कामावरून येईल तेव्हा सगळे होऊन गेलेले असावे, लख्ख दिसावे, म्हणजे तोंडाने काही बोलायला नको, असा त्याचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी ती गेल्याबरोबर त्याने आम्हा चौघांना जाळीने बादलीत काढले. बादलीतून मला छत आणि त्याचे हात तेवढे दिसत होते. त्याने एका पातेल्याने खडे उपसायला सुरुवात केली. खड्यांखालची काळी घाण उसळून वर आली, पाण्याचा चहा झाला आणि कुजक्या अंड्यासारखा वास घरभर पसरला. तो थांबला. कदाचित त्याच क्षणी सुनेचे बोलणे त्याला आठवले असेल. पण त्या घाणीत आम्हाला पुन्हा सोडायचे त्याच्याने होईना. "कशात राहत होता रे तुम्ही," तो बादलीत बघून म्हणाला. "कशात ठेवलं मी तुम्हाला."

मग त्याने काहीच शिल्लक ठेवले नाही. सगळे खडे काढले, सगळे पाणी ओतले. काच घासली. स्पंज नळाखाली धरून पिळून पिळून पांढराशुभ्र केला. वाळू पसरली, तिच्यावर एक ताटली ठेवून हळूहळू नवे पाणी सोडले, वाळू उसळू नये म्हणून. आणि आम्हाला एकेकाला ओंजळीने आत सोडले.

त्या संध्याकाळबद्दल मी कसे सांगू? मी भीत भीत तोंड खाली नेले आणि तळ बाजूला सरला. मऊ, थंड. मी आणखी खाली गेलो, डोळ्यांपर्यंत. तोंडभर वाळू घेतली आणि ती कल्ल्यांतून वाहू दिली. गच्चीवरल्या हौदानंतर हे आज होत होते. शेजारी जोडी वाळूत घुसून धुरळा उडवत होती. भित्रा, जो कधी उघड्यावर यायचा नाही, टाकीच्या मधोमध बसला होता. मग आम्ही चौघे अंगाला अंग लावून बसलो. बुटकी असायला हवी होती, एवढेच मनात आले.

सून आली. तिने टाकी पाहिली, मग तो पांढरा स्पंज पाहिला. तिचा चेहरा क्षणभर उतरला.

"सगळं एकदम केलंत, बाबा?"

"एकदम. अर्धवट काम मला जमत नाही. बघ तरी, कसे खेळतायत." तो हसत होता. ती या घरात आल्यापासून त्याचे हसणे तिने पहिल्यांदाच पाहिले असेल. "तू म्हणालीस ते बरोबर होतं. वाळूच हवी होती त्यांना."

ती काही बोलणार होती. मला तिचे ओठ हललेले दिसले. मग ती म्हणाली, "छान झालंय."

पाणी काचेसारखे नितळ होते, पण त्यात आता आमची घाण पचवणारे कोणी उरले नव्हते. आमच्याच अंगातून निघालेले विष आमच्याभोवती साचू लागले. पहिल्या दिवशी काही जाणवले नाही. मग कल्ल्यांत चुणचुण सुरू झाली. मग आग. आम्ही श्वास घ्यायला पुन्हा पुन्हा वर जाऊ लागलो. सून रोज थोडे पाणी बदलत होती, मिस्त्रीला न सांगता, पण ते पुरे पडत नव्हते. जोडीतला एक सकाळी वाळूवर आडवा पडलेला दिसला. दुसरा त्याला सोडून हलेना, आणि संध्याकाळी तोही गेला. भित्रा माझ्या अंगाला टेकून होता. त्याच्या कल्ल्यांची उघडझाप माझ्या अंगाला कळत होती. ती आधी भरभर झाली, मग सावकाश, मग मला काही कळेना.

मी का वाचलो, ते मला खरेच माहीत नाही. सुनेने दुकानदाराकडून त्याच्या चालू टाकीतला एक जुना, मळका स्पंज मागून आणला आणि आमच्या यंत्रात बसवला. मिस्त्री बादल्यांमागून बादल्या पाणी वाहत होता. सून सांगेल तेवढेच आणि तसेच. आग हळूहळू कमी झाली, पण तोवर टाकीत मी एकटाच होतो.

भित्र्याला काढल्यावर मिस्त्री जमिनीवर बसला. सून हात पुसत उभी होती.

"माझ्यामुळे गेले ना?" त्याने विचारले.

"तुम्हाला वाईट करायचं नव्हतं, बाबा."

"मी विचारलं ते सांग."

ती त्याच्यासमोर खाली बसली. "हो. एकदम सगळं काढलंत म्हणून. आणि मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तुम्ही इतके खुशीत होतात, मला बोलवेना. तेव्हाच दुकानात गेले असते तर कदाचित वाचले असते. मी गप्प बसले."

मिस्त्रीने हातातली जाळी बाजूला ठेवली.

"त्या दिवशी मी तुला बोललो," मिस्त्री म्हणाला. "तू तिला पाहिलं नाहीस, असं."

"राहू द्या ते."

"नको. राहू दे, राहू दे म्हणत राहिलो म्हणून तर हे सगळं झालं." "मी बोललो ते चुकलं माझं. तिला तू आवडली असतीस. मिशा गेल्यात हे तिला तुझ्यासारखंच पहिल्यांदा दिसलं असतं."

सून तोंडावर पदर न घेता, डोळे न पुसता, तशीच रडली. तोही रडला. त्या घरात बाई गेल्यानंतर कोणी मोठ्याने रडलेले मी ऐकले नव्हते.

बाईचे निळे खडे त्याने टाकले नाहीत. दोघांनी मिळून ते उन्हात वाळवले आणि खिडकीतल्या कुंड्यांमध्ये मातीवर पसरले. "झाडांना काही मिशा नसतात," सून म्हणाली, आणि दोघे किंचित हसले.

त्यानंतर मी फार दिवस एकटा राहिलो. वाळू मऊ होती, पाणी चांगले होते, माझ्या ओठांवर बारीक अंकुर फुटू लागले होते. एका बाजूच्या मिशा बऱ्या वाढल्या, दुसऱ्या बाजूच्या खुंटल्या त्या खुंटल्याच. ज्या तळाची आयुष्यभर आस धरली तो मला मिळाला होता, आणि त्यावर माझ्याशेजारी बसायला कोणी नव्हते. दिवा मालवला की मी काचेच्या कडेला जाऊन अंग टेकवायचो. काच थंड असते. ती श्वास घेत नाही.

मिस्त्रीला हे दिसत होते. "याला सोबत आणायला हवी," तो म्हणायचा. सून पाणी तपासून म्हणायची, "अजून थांबू या." आणि तो थांबायचा. ज्याने कधी काम अर्धे ठेवले नाही, तो माणूस थांबायला शिकला. पुष्कळ दिवसांनी त्यांनी माझ्याच जातीची चार पिल्ले आणली. त्यांच्या मिशा लांब आणि शाबूत आहेत. खडे म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही. ती दिवसभर वाळूत धुमाकूळ घालतात आणि दमली की माझ्या दोन्ही बाजूंना येऊन टेकतात. माझ्या अंगाला ऊब मिळते. पण मित्रांनो, खरे सांगतो, ती माझ्यासारखी आहेत, माझी नाहीत. अंग टेकवणाऱ्यांत मी अजूनही भित्र्याचा श्वास शोधतो.

माझे मागणे फार मोठे नाही. तुम्ही कोणाला घरी आणाल, मासा असो, पाखरू असो, तर तुम्हाला काय सुंदर दिसते ते पाहाच, पण त्याला काय टोचते तेही एकदा विचारा. गेलेल्या माणसाची आठवण जपा, पण तिच्याखाली जिवंत जीव झिजू देऊ नका. आणि चूक सुधारायला निघालात तर घाई करू नका. आमच्यासारख्यांना नवे जगही हळूहळूच सोसते. शिवाय आमचे दुखणे पृष्ठभागावर येत नाही. ते तळाशीच असते, गप्प. त्यासाठी वाकावे लागते.

मिस्त्री आता रोज संध्याकाळी वाकतो. गुडघे करकर वाजतात त्याचे. आतून सून म्हणते, "बाबा, खुर्ची घ्या ना."

"खुर्चीवरून तळ दिसत नाही गं," तो म्हणतो, आणि जमिनीवर बसून आम्हाला एकेक करून मोजतो.